सोफिया लॉरेनची सही खरी की छापलेली? आधी कागद बघा, सही नंतर

मी विकत घेतलेला पहिला सहीवाला फोटो इटालियन नटी सोफिया लॉरेनचा. ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, खाली कोपऱ्यात निळसर काळ्या शाईत झोकदार सही, आणि मी इतका खुश की पाकिटातून नीट बाहेर काढायच्या आधीच त्याचा मोबाईलवर फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकून मोकळा. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, त्यांना पोस्टाची तिकिटं जमवायचा जुना नाद, त्यामुळे त्यांच्याकडे चांगलं भिंग असतं. त्यांनी ते लावलं, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही सही नाहीये रे, छपाई आहे. ये इकडे, तूच बघ." बघितलं तर सहीच्या रेघेत बारीक बारीक ठिपके, पेपरातल्या फोटोत असतात तसे, आणि तिच्या गालावर पण तेच ठिपके. म्हणजे फोटो आणि सही दोन्ही एकाच मशीनमधून एकाच वेळी बाहेर पडलेले.

विकणाऱ्याने फसवलं का? तर तसं बोट ठेवता येणार नाही, त्याने "सहीसह फोटो" एवढंच लिहिलेलं, पेनाने केलेली सही असं कुठे म्हटलं होतं! चूक माझीच, कारण मी फक्त सही बघितली. तेव्हापासून हा विषय जरा नीट समजून घेतला आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की या नादात सही सगळ्यात शेवटी बघायची असते. आधी कागद, मग पेन, मग नाव, मग त्या बाईंचं आयुष्य, आणि हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच सहीच्या वळणांकडे जायचं.

आता मुळात हे फोटो आले कुठून ते बघू. रोमजवळ चिनेचित्ता नावाचा मोठा स्टुडिओ १९३७ मध्ये सुरू झाला, आणि युद्ध संपल्यावर पन्नाशीच्या दशकात तिथे इटालियनच काय, अमेरिकन सिनेमे पण इतके बनायला लागले की लोक रोमला टायबर नदीकाठचं हॉलिवूड म्हणायचे. आन्ना मान्यानी, सिल्वाना मांगानो, जिना लोलोब्रिजिदा, सोफिया लॉरेन, जुलिएत्ता मासिना, मग मोनिका वित्ती, क्लाउदिया कार्दिनाले, ही सगळी नावं त्या वीस-पंचवीस वर्षांत मोठी झाली. आपल्याकडे पण त्याचे पडसाद आले, १९५२ मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला तेव्हा इटालियन नववास्तववादी, म्हणजे साध्या माणसांचं खरंखुरं जगणं दाखवणारे सिनेमे दाखवले गेले आणि आपल्या कितीतरी दिग्दर्शकांची झोप उडाली. असो, ते वेगळं प्रकरण.

तर या सगळ्या बायकांचे फोटो ढोबळमानाने तीन रूपांत सापडतात. एक म्हणजे शूटिंग चालू असताना स्टिल फोटोग्राफरने काढलेले, इटालियनमध्ये फोतो दी शेना म्हणतात, पेपरवाल्यांना वाटायला. दुसरे म्हणजे फोटोबुस्ता, आपल्याकडे टॉकीजच्या बाहेर काचेच्या पेटीत सिनेमातले सीन लावायचे ना, लॉबी कार्ड, तसाच प्रकार पण आकाराने चांगलाच मोठा, वर सिनेमाचं नाव वगैरे छापलेलं. आणि तिसरी कार्तोलिना, म्हणजे साधं पोस्टकार्ड. फ्लॉरेन्सची बाल्लेरिनी ए फ्रातिनी आणि मिलानची रोतालफोतो अशा कंपन्या नटनट्यांची पोस्टकार्डं ढिगाने छापायच्या आणि चाहते तीच घेऊन सह्या मागायला जायचे. म्हणून कुठलाही फोटो हातात आला की मी आधी उलटा करतो. मागे फोटोग्राफरचा शिक्का आहे का, प्रकाशकाचं नाव आहे का, पेपरच्या ऑफिसने चिकटवलेली कॅप्शनची चिठ्ठी आहे का, कुणी पेन्सिलने तारीख लिहिलीय का. लुक्सार्दो किंवा गेर्गोसारख्या रोममधल्या नामांकित पोर्ट्रेटवाल्यांचा शिक्का मागे निघाला तर सही नसली तरी तो फोटो ठेवण्यासारखा असतो. खरं सांगू का, मला आता समोरच्या बाजूपेक्षा मागची बाजू बघायला जास्त मजा येते.

आता "सही केलेला" या शब्दात किती प्रकार लपलेत ते बघा. एक तर खुद्द हाताने केलेली सही, ते आपल्याला हवंय. मग माझ्या नशिबी आली ती छापील सही, मूळ एका फोटोवर सही घ्यायची आणि त्याच्याच हजारो प्रती काढायच्या, चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून हेच जायचं आणि यात कुणाला काही वावगं पण वाटायचं नाही. मग रबरी शिक्का, त्यात शाई कडेला जमा होते आणि मध्ये फिकट पडते आणि पेन दाबल्याची खूण नसते. मग सेक्रेटरीची सही, म्हणजे सेक्रेटरी किंवा घरातलंच कुणीतरी बसून पाकिटं संपवायचं, ही पकडायला सगळ्यात कठीण कारण शाई खरी, पेन खरं, काळ पण तोच, हात फक्त दुसऱ्याचा. मग ऑटोपेन, म्हणजे खरं पेन धरणारं मशीन, जे तीच सही पुन्हा पुन्हा करतं, त्यामुळे दोन फोटोंवरच्या सह्या एकावर एक ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या तर खुश होऊ नका, माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आणि शेवटी सरळ सरळ खोटी सही, पैसे कमवायला केलेली.

खोटी सही ओळखायची कशी हे आपल्याला खरं तर शाळेपासून माहितीय. प्रगतीपुस्तकावर बाबांची सही कुणी केली नसेल तर त्याने हात वर करावा! ती करताना आपण काय करायचो, समोर नमुना ठेवून हळूहळू एकेक वळण काढायचो, म्हणजे सही करत नव्हतो, तिचं चित्र काढत होतो. आणि बाई ओळखायच्या. कारण बाबा सही करताना पेन कागदावर टेकायच्या आधीच हात फिरत असतो, त्यामुळे रेघ सुरुवातीला आणि शेवटाला निमुळती होते, कुठे जाड कुठे बारीक होते. चित्र काढणाऱ्याची रेघ एकसारखी जाड, टोकं बोथट, मध्ये थांबल्याचा बारीक ठिपका, जरा थरथर. भिंगाखाली हे दिसतं. बँकेतला माणूस चेकवरची सही जुळत नाही म्हणतो तेव्हा तो आकार जास्त बघतो, पण इथे आकारापेक्षा वेग बघायचा.

पण म्हटलं ना, सही शेवटी. आधी कागद.

जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो फायबर कागदावर असायचे, म्हणजे खरा कागद, त्यावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे कण. असा फोटो थोडा वळतो, मागून कागदासारखाच लागतो आणि बऱ्याच वर्षांनी काळ्या भागात कडेकडेने एक निळसर चंदेरी चमक येते, फोटो तिरका धरला की आरशासारखी दिसते. तो दोष नाही, वयाचा पुरावा आहे. याउलट प्लॅस्टिकचा थर दिलेला आरसी कागद साठीच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरीत रुळला, त्याची पाठ गुळगुळीत प्लॅस्टिकसारखी लागते. तेव्हा कुणी तुम्हाला "१९५४ चा ओरिजिनल फोटो" म्हणून असा गुळगुळीत कागद दाखवला तर तो नंतर काढलेला प्रिंट आहे, विषय संपला. दुसरी टेस्ट आणखी सोपी, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो यूव्ही टॉर्च घ्या, अंधारात कागदावर मारा. साधारण पन्नाशीच्या मध्यापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालायला लागले, ती निळी-पांढरी चमकतात. म्हणजे १९३८ चा म्हणून सांगितलेला फोटो दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळला तर समजून जा. उलट नाही चमकला म्हणजे जुनाच असं मात्र नाही हं, न चमकणारे कागद नंतर पण होते. या टेस्टने खोट्याला पकडता येतं, खऱ्याला खरं ठरवता येत नाही, हा फरक लोक विसरतात.

मग पेन. जुन्या सह्या बहुतेक फाउंटन पेनाच्या, चकचकीत फोटोवर ही शाई नीट बसत नाही, कुठे थेंबासारखी गोळा होते, कुठे रेघ तुटते. बॉलपेन युद्धानंतर बाजारात आलं, ते फोटोवर खड्डा पाडतं, फोटो बाजूने उजेडात धरला की तो खड्डा दिसतो. बारीक टोकाचे फेल्ट पेन साठीच्या दशकात आले आणि शार्पी नावाचा अमेरिकन मार्कर १९६४ चा. सोनेरी चंदेरी पेंट पेन तर आणखी उशिरा रुळले. आता जरा हिशोब करा. इटालियन नटी पियर आंजेली १९७१ मध्ये गेली, चाळिशी पण पूर्ण झाली नव्हती बिचारीची, आन्ना मान्यानी १९७३ मध्ये. यांच्या फोटोवर चकाकत्या सोनेरी पेंट पेनाची सही दिसली तर मी दुसऱ्यांदा बघत पण नाही.

मात्र इथे एक गोची आहे, ती नीट समजून घ्या. सोफियाचा १९५५ चा फोटो आणि त्यावर शार्पीची सही, हे खोटं असेलच असं नाही, कारण ती १९३४ ची, दीर्घायुषी बाई, कुणीतरी जुना फोटो घेऊन नव्वदीच्या दशकात तिच्यापुढे धरला असेल आणि तिने केली असेल सही. सही खरी, पण त्याच काळातली नाही. जमवणाऱ्यांमध्ये या दोन गोष्टींना वेगळी किंमत असते, त्याच काळात त्याच काळाच्या पेनाने केलेली सही नेहमी वरचढ. विकणारे मात्र "विंटेज सही" असं मोघम लिहून मोकळे होतात, तेव्हा विंटेज काय, फोटो की सही, हे सरळ विचारायचं.

नावाकडे बघणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. सोफियाचं खरं आडनाव शिकोलोने. सुरुवातीला ती फोतोरोमान्झी नावाच्या फोटोंच्या गोष्टींच्या मासिकांत झळकायची तेव्हा सोफिया लाझारो म्हणून, आणि लॉरेन हे नाव १९५३ च्या आसपास आलं, तेव्हा सोफियाच्या स्पेलिंगमधला एफ जाऊन तिथे पीएच पण आला. म्हणजे १९५१ ची तारीख आणि सही सोफिया लॉरेन, तर एक तर तारीख खोटी नाहीतर सही. तसंच पियर आंजेली हे हॉलिवूडने कापून दिलेलं नाव, इटलीत ती आन्ना मारिया पिएरांजेली. आलिदा वाल्ली ही आणखी एक इटालियन नटी हॉलिवूडला गेली तेव्हा तिथल्या निर्मात्याने पडद्यावर नुसतं वाल्ली लावलं, जणू नुसत्या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रेटा गार्बोचीच बहीण. मोनिका वित्तीचं पाळण्यातलं नाव मारिया लुईझा चेचारेल्ली. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या नट्यांच्या जुन्या श्रेयनामावल्या बघताना जसं सालाचा अंदाज येतो तसंच इथे पण.

आणि मग आयुष्य. मोनिका वित्ती २०२२ मध्ये गेली, पण आजारपणामुळे त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं ती लोकांसमोर आलीच नव्हती. त्यामुळे "२०१४ मध्ये व्हेनिसला प्रत्यक्ष घेतलेली सही" असं कुणी सांगितलं तर ती कहाणी तिथेच कोसळते, सही कितीही सुंदर असो. जिना लोलोब्रिजिदा जानेवारी २०२३ मध्ये गेली, पंच्याण्णव वर्षांची होऊन, क्लाउदिया कार्दिनाले सप्टेंबर २०२५ मध्ये. असं कुणी गेलं की आठवड्याभरात बाजारात सह्यांचा पूर येतो, काही खऱ्या, कपाटातून बाहेर काढलेल्या, आणि काही कालच केलेल्या. अशा वेळी थोडे महिने थांबायचं, भाव पण खाली येतो आणि आपलं डोकं पण ठिकाणावर येतं.

आयुष्यावरून खोटं पकडण्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे सोफियाचा तो प्रसिद्ध फोटो. तुम्ही पण पाहिला असेल, १९५७, बेव्हर्ली हिल्समधलं रोमानॉफ्स रेस्टॉरंट, स्टुडिओने सोफियाच्या स्वागताची पार्टी ठेवलेली, शेजारी अमेरिकन नटी जेन मॅन्सफील्ड येऊन बसलेली अगदीच खोल गळ्याच्या ड्रेसमध्ये, आणि सोफिया तिरक्या डोळ्याने तिच्याकडे बघतेय. जगातल्या सगळ्यात जास्त फिरलेल्या फोटोंपैकी एक, साहजिकच चाहते सहीसाठी हाच घेऊन येतात. आणि २०१४ मध्ये एका मुलाखतीत सोफियाने स्वतःच सांगितलं की हा फोटो आपल्याकडे बरेचदा सहीला येतो पण आपण त्यावर सही करत नाही, त्या प्रकाराशी आपल्याला संबंध नकोय आणि जेन आता हयात नाही, तिचा मान राखायला हवा. जेन १९६७ मध्ये अपघातात गेली होती. आता बाजारात हाच फोटो सोफियाच्या सहीसह दिसला तर? भिंग नको, टॉर्च नको, काही नको.

हे कळल्यावर मला सोफियाबद्दल जरा जास्तच आदर वाटायला लागला, ते एक वेगळंच.

आता देदिका, म्हणजे नाव घालून केलेली सही. "मारिओला, कॉन सिंपातिया", "कॉन अफेत्तो", म्हणजे आपुलकीने, प्रेमाने वगैरे. नवीन लोकांना हे नको असतं, माझ्या भिंतीवर मारिओचं नाव कशाला, आणि त्यामुळे असे फोटो स्वस्त मिळतात. पण जरा विचार करा, खोटी सही करणारा मुद्दाम किंमत कमी करणारं नाव कशाला घालेल? शिवाय जास्त अक्षरं म्हणजे तुलना करायला जास्त माल, चार शब्दांचं हस्ताक्षर नक्कल करणं हे दोन शब्दांपेक्षा कितीतरी कठीण. माझ्याकडे आता जे दोन-तीन भरवशाचे फोटो आहेत ते सगळे कुणा ना कुणा मारिओचेच आहेत, आणि मला त्याचं काही वाटत नाही, उलट कोण असेल तो, किती वेळ रांगेत उभा राहिला असेल, घरी जाऊन कुणाला दाखवला असेल, असं येतं मनात.

सर्टिफिकेटबद्दल दोन शब्द. सीओए, म्हणजे हे खरं आहे असं सांगणारा कागद. विकणाऱ्यानेच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे आंबेवाल्याने "देवगडच आहे साहेब" म्हणण्यासारखं, असेलही देवगडचा, पण कागदामुळे तो गोड होत नाही. पीएसए, जेएसए, बेकेट अशा अमेरिकन कंपन्या पैसे घेऊन सही तपासून देतात, ते जास्त वजनदार, पण ते पण मतच आहे, कोर्टाचा निकाल नाही. आणि या कंपन्यांचे स्टिकर पण खोटे निघतात, म्हणून त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाईटवर टाकून बघायचाच. सगळ्यात मोलाचं असतं ते म्हणजे फोटो कुठून आला याची साखळी, कुणी, कधी, कुठे घेतला, सोबत पाकीट आहे का, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे का. साधं फाटकं पाकीट लोक फेकून देतात आणि गुळगुळीत सर्टिफिकेट जपून ठेवतात, उलटा कारभार.

पोस्टाने सही मागवायचा मार्ग अजून आहे, स्तेफानिया सांद्रेल्ली, ओर्नेल्ला मुती, मोनिका बेलुची ही पुढच्या पिढ्यांची मंडळी आहेत. छोटं पत्र लिहायचं, मोडक्या इटालियनमध्ये का होईना, एकच फोटो पाठवायचा, दहा नाही, मध्ये पुठ्ठा घालायचा, आणि परतीचं पाकीट. त्यावर आपली भारतीय तिकिटं चिकटवून उपयोग नाही, तिकडून पाठवायला तिकडचीच तिकिटं लागतात, तेव्हा युरोपात कुणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला कामाला लावा. आणि मग विसरून जा. काही वेळा वर्षाने येतं, काही वेळा कधीच नाही, आणि आलंच तर आधी भिंग काढायचं, कारण तिकडून छापील पण येऊ शकतं!

शेवटचं म्हणजे फोटो सांभाळणं, कारण आपल्याकडची हवा ही इटलीपेक्षा क्रूर आहे. कृपा करून लॅमिनेट करू नका. आपल्याला मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय, पण त्या उष्णतेने आणि चिकट थराने फोटो कायमचा गेला, परत सोडवता येत नाही. फ्रेम करायची असेल तर काच फोटोला थेट टेकू द्यायची नाही, मध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगायची, नाहीतर जून-जुलैमध्ये दमटपणाने जिलेटिन फुगतं आणि काचेला चिकटून बसतं, मग काढताना चेहऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो. स्वस्तातले पीव्हीसीचे वास येणारे अल्बम टाळायचे, पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्यायची. ऊन तर अजिबात नको, सहीची शाई फोटोच्या आधी उडते. मी सगळं लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपला की एक दिवस सावलीत सगळं बाहेर काढतो, आई पापडाची ताटं काढायची त्याच थाटात. वरचे काका त्या दिवशी भिंग घेऊन हमखास खाली येतात, आणि दर वर्षी तो पहिला छापील फोटोच आधी मागतात.